वनस्पतींचे आयुष्य

जन्मास आलेल्या प्रत्येक जीवाला आयुष्याची मर्यादा असते. हत्ती साठ-सत्तर वर्षे जगतो, बैल विशीच्या आसपास थकतो, आणि फुलपाखराचे दिवस तर बोटांवर मोजता येतात. वनस्पती ह्याही सजीवच आहेत. त्यांनाही बाळपण आहे, तारुण्य आहे आणि मरणही आहे. मात्र त्यांच्या आयुष्याची लांबी पाहू लागलो की मन थक्क होते. बांधावरचा कडुलिंब आजोबांनी पाहिला, वडिलांनी पाहिला आणि आज तुम्हीही त्याच्या सावलीत बसता. त्याच बांधाच्या आत मृगाच्या पावसावर पेरलेला मूग पोळ्याच्या सुमारास काढणीस येतो आणि त्याचे आयुष्य संपते.

माती एक, पाऊस एक, ऊनही एकच. मग दोन शेजाऱ्यांच्या आयुष्यात एवढे अंतर का पडावे? मुलांनो, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. कोणते तण केव्हा उपटावे, कोणत्या पिकाचा खोडवा राखावा आणि कोणते पीक हिरवे दिसत असतानाही शेतातून काढून टाकावे, ह्यांची उत्तरे त्या एका प्रश्नात दडलेली आहेत. गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्या नद्यांच्या पाण्याने पोसलेल्या परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत ही उत्तरे सहज पाहावयास मिळतात. म्हणून आपण बहुतेक उदाहरणे तेथलीच घेऊ.

आयुष्याच्या लांबीवरून वनस्पतींचे तीन वर्ग पाडतात. जी वनस्पती एका वर्षाच्या आत उगवते, वाढते, फुलते, बी धरते आणि मरते, ती वर्षायू वनस्पती होय. जिला हा प्रवास पुरा करण्यास दोन हंगाम लागतात, ती द्विवर्षायू. आणि जी दोनांहून अधिक वर्षे जगते, ती बहुवर्षायू वनस्पती होय.

प्रथम वर्षायू वनस्पती पाहू. गव्हाचे उदाहरण घ्या. दिवाळीनंतर गहू पेरतात. चार-सहा दिवसांत कोंब वर येतो. मग पाने फुटतात, मुळे खोल जातात. पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्या अन्नावर रोप वाढते. काही आठवड्यांनी ओंबी बाहेर पडते आणि रोपाचा सारा क्रम बदलतो. आता नवी पाने फुटत नाहीत. मुळांनी घेतलेले आणि पानांनी बनविलेले सर्व ओंबीतील दाण्यांकडे जाऊ लागते. एवढेच नव्हे, तर पानांत पूर्वी साठविलेली सत्त्वेही दाण्यांकडे वळतात. म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात, मग वरची, आणि शेवटी ताटही वाळते. त्या वेळी शेतास कितीही पाणी दिले तरी गहू पुन्हा हिरवा होत नाही. रोपाने आपल्याजवळचे सर्वस्व बियांच्या स्वाधीन केलेले असते. स्वतःसाठी काहीच मागे ठेवलेले नसते.

मूग, उडीद, सोयाबीन, हरभरा, करडई ही वर्षायू पिकेच आहेत. वर्षायू म्हणजे बरोबर बारा महिने जगणारी, असा अर्थ मात्र घेऊ नये. मूग साठ-सत्तर दिवसांतच संपतो. एका हंगामात ज्याचे जीवन पूर्ण होते तो वर्षायू, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या पावसानंतर वाटेच्या कडेला उगवणारा तरोटा आणि श्रावणात फुलणारा तेरडा हेही ह्याच वर्गातले. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आपण ऐकतो. पण तेरडा वाळण्यापूर्वी आपल्या बोंडांतून बिया दूरवर उडवून देतो, हे ती म्हण सांगत नाही. परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि वरची माती कोरडी ठक्क पडते. कोवळ्या रोपाचा अशा वेळी टिकाव लागणे कठीण. बी मात्र कठीण कवचात निजून राहते. म्हणजे वर्षायू वनस्पती मरते, परंतु तिचा वंश बीजरूपाने उन्हाळा काढतो.

आता दुसरा वर्ग, द्विवर्षायू वनस्पतींचा. ह्यांचे उत्तम उदाहरण तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. ते म्हणजे कांदा. कांद्याचे बी टाकून रोप तयार करतात आणि ते वाफ्यात लावतात. पहिल्या हंगामात रोप पाने काढते आणि तयार झालेले अन्न पानांच्या बुडाशी साठविते. बुडे फुगून एकावर एक बसतात आणि त्यांचाच कांदा होतो. कांदा चिरला असता जी पापुद्र्यांची वेटोळी दिसतात, ती ह्या पानांची जाड झालेली बुडे होत. ह्या साठ्याच्या बळावर कांद्याचा जीव काही महिने मातीविना तग धरतो. तोच कांदा पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी जमिनीत लावला आणि त्यास थंडी लागली, म्हणजे त्यातून पोकळ दांडा वर येतो. त्यास डेंगळा म्हणतात. डेंगळ्याच्या टोकावर पांढऱ्या फुलांचा गोंडा उमलतो, त्यात काळे बी धरते, आणि खालचा कांदा पोकळ होऊन झिजून जातो. पहिल्या हंगामात साठवण आणि दुसऱ्या हंगामात खर्च, असा हा हिशेब आहे. आपण कांदा साठवणीच्या वेळीच खातो, म्हणून पुष्कळांनी त्याचे फूल पाहिलेलेही नसते. कोबी, बीट आणि थंड प्रदेशातील गाजर ह्याच वर्गात मोडतात.

कधी कधी कांद्याच्या रोपांना भलत्याच वेळी थंडी लागते आणि पहिल्याच हंगामात डेंगळे येतात. मग शेतकरी हळहळतो. कारण डेंगळा आला की कांदा पोसत नाही. साठवणीसाठी जमणारे अन्न फुलाकडे वळते. ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वनस्पतीजवळचे अन्न ठरावीकच असते. ते बियांवर केव्हा खर्च करावयाचे आणि किती मागे ठेवावयाचे, ह्यावर तिचे आयुष्य अवलंबून असते. वर्षायू वनस्पती मिळवीत जाते आणि एकाच हंगामात सर्व खर्चून टाकते. द्विवर्षायू वनस्पती एक हंगाम साठविते आणि दुसऱ्यात खर्चते. बहुवर्षायू वनस्पतींचा हिशेब कसा असतो, ते आता पाहू.

आंबा, चिंच, कडुलिंब, जांभूळ, वड हे वृक्ष बहुवर्षायू आहेत. परभणी जिल्ह्यातील पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट नावाचे एक बेट आहे. जांभळाच्या झाडांवरूनच त्यास हे नाव पडले. जांभळाचे झाड दर उन्हाळ्यात फुलते, पावसाच्या तोंडाशी फळे देते आणि तरीही मरत नाही. कारण ते आपली मिळकत एकाच वेळी उधळीत नाही. काही भाग फळांना देते, काही नव्या लाकडाला, काही मुळांना, आणि काही पुढच्या वर्षासाठी राखून ठेवते. ज्या वर्षी खर्च फार होतो त्याच्या पुढच्या वर्षी हात आखडता घ्यावा लागतो. गावरान आंबा एका वर्षी फळांनी लगडतो आणि दुसऱ्या वर्षी जेमतेम येतो, हे तुम्ही पाहिले असेल. त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

सर्वच बहुवर्षायू वनस्पती उंच वृक्ष नसतात. काहींचे आयुष्य जमिनीखाली चालते. हळद पाहा. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेला आणि आता हिंगोली जिल्ह्यात गेलेला वसमतचा परिसर हळदीसाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्याच्या अखेरीस हळदीची पाने वाळून आडवी पडतात. पाहणाऱ्यास वाटावे की झाड मेले. परंतु मातीखाली कंद जिवंत असतो आणि पाऊस पडताच तो पुन्हा कोंब धरतो. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, ती हरळीही अशीच. उन्हाळ्यात ती करपलेली दिसते. तिची जमिनीतील पेरे मात्र जिवंत असतात.

काही बहुवर्षायू वनस्पतींची रीत तर फारच विलक्षण आहे. त्या वर्षानुवर्षे नुसत्या साठवीत राहतात आणि आयुष्यात एकदाच फुलतात. बांधावर लावलेले केकताड, म्हणजे घायपात, अनेक वर्षे मांसल पाने वाढविते. मग एके वर्षी मधोमध खांबासारखा उंच दांडा काढून फुलते, आणि ते झाड वाळून जाते. सह्याद्रीच्या उतारावरील कारवी सुमारे सात वर्षांनी डोंगरच्या डोंगर जांभळे करून टाकते आणि बी धरून मरते. बांबूच्या कित्येक जाती अनेक दशकांनंतर एकदमच फुलतात. तो फुलोरा म्हणजेच बेटाचा शेवट असतो. ह्या वनस्पतींची वर्षे पुष्कळ, पण हिशेब गव्हासारखा. उलट, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उंच, रुक्ष डोंगरावर मेथुसेला नावाचा एक पाइन वृक्ष आहे. त्याचे वय ४,८०० वर्षांहून अधिक आहे. तेथे अन्न फार थोडे मिळते, म्हणून तो अतिशय सावकाश वाढतो आणि बेताने खर्च करतो.

हे ज्ञान शेतकऱ्याच्या कसे उपयोगी पडते, ते आता पाहू. प्रथम तणांचा विचार करू. पडीक रानात आणि रस्त्याच्या कडेला पांढऱ्या फुलांचे गाजरगवत माजते. ते वर्षायू आहे. त्याचे सारे बळ बियांत असून एकेक रोप हजारो बिया टाकते. म्हणून त्यास फुले येण्यापूर्वी मुळासकट उपटले की पुष्कळ काम झाले. फुले आल्यानंतर उपटून तेथेच टाकले तर पुढच्या वर्षाची पेरणी आपणच केल्यासारखे होते. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, तेव्हा ते उघड्या हातांनी उपटू नये, हेही लक्षात ठेवा. काळ्या, खोल रानात माजणारा कुंदा आणि सर्वत्र पसरणारी हरळी ही तणे मात्र बहुवर्षायू आहेत. ती वरून कितीही कापली तरी जमिनीखालच्या साठ्यातून पुन्हा फुटतात. त्यासाठी उन्हाळ्यात खोल नांगरट करून त्यांच्या काश्या वेचून काढाव्या लागतात आणि उन्हात वाळवाव्या लागतात. एका तणाची फुले रोखावयाची, दुसऱ्याचे मूळ गाठावयाचे. हा फरक आयुष्याच्या फरकातून आला आहे.

वनस्पतीचे निसर्गाने ठरविलेले आयुष्य आणि माणसाने तिला दिलेले आयुष्य ही नेहमीच सारखी असतात असे नाही. तूर आपण एका हंगामाचे पीक समजतो. वास्तविक ती बहुवर्षायू झुडूप आहे. परसात राहिलेले तुरीचे झाड शेंगा दिल्यानंतरही पुन्हा पालवते आणि दोन-चार वर्षे जगते. मिरची आणि वांगी ह्यांचेही तसेच आहे. पहिल्या बहरानंतर उत्पन्न घटते, रोग वाढतात आणि दुसऱ्या पिकासाठी रान मोकळे करावे लागते. म्हणून आपण ही झाडे काढून टाकतो. थंड देशांत हिमाच्या कडाक्याने एरंड एका वर्षातच मरतो. आपल्याकडे तोच एरंड झाडासारखा वाढून अनेक वर्षे उभा राहतो. म्हणून कोणत्याही वनस्पतीचा वर्ग सांगताना ती कोठे वाढते, हेही पाहावे लागते.

उसाच्या बाबतीत माणसाने त्याच्या दीर्घ आयुष्याचा उपयोग करून घेतला आहे. ऊस तोडला तरी त्याची जमिनीतील बुडखी जिवंत राहतात आणि त्यांना नवे कोंब फुटतात. ह्या दुसऱ्या पिकास खोडवा म्हणतात. खोडव्यासाठी नवे बेणे लागत नाही, नांगरट लागत नाही आणि लागणीपेक्षा तो लवकर तयार होतो. इतर धान्यांनाही असे आयुष्य मिळाले तर काय बहार होईल, असे शास्त्रज्ञांना वाटू लागले. चीनमधील शास्त्रज्ञांनी आपल्या नेहमीच्या भाताचा आफ्रिकेतील एका बहुवर्षायू रानभाताशी संकर केला. त्यातून एकदा लावून काही वर्षे कापता येणारे भाताचे वाण तयार झाले, आणि २०१८ साली ते तेथील शेतकऱ्यांना लागवडीसाठी मिळाले.

ह्यावरून कोणी म्हणेल, की झाड जितके अधिक काळ ठेवावे तितका लाभ अधिक. पण परभणीच्या कापसाने ह्याच्या अगदी उलट धडा शिकविला आहे. कपाशी हीसुद्धा मुळात बहुवर्षायू आहे. देवाच्या वातींसाठी कोणी अंगणात देवकापूस लावतात; त्याचे झाड अनेक वर्षे बोंडे देते. शेतातील कपाशी पावसाच्या सुरुवातीस लावतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत मुख्य पीक हाती येते. ज्या देशांत हिवाळ्यात हिम पडते तेथे कपाशीची झाडे थंडीने आपोआप मरतात. आपला हिवाळा तितका कडक नाही. विहिरीचे वा कालव्याचे एखाद-दुसरे पाणी मिळाले की पऱ्हाटी पुन्हा पालवते, पुन्हा फुलते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी थोडा कापूस देते. ह्या वाढीव पिकास फरदड म्हणतात.

फरदड ठेवणारा शेतकरी आळशी किंवा अडाणी असतो असे मुळीच समजू नका. मुख्य पिकाचे पैसे देण्याघेण्यात संपलेले असतात. समोर हिरवेगार झाड उभे असते आणि त्यावर चार बोंडे दिसत असतात. ज्याला आपण हाताने वाढविले ते जिवंत झाड उपटावयास कोणाचा हात धजेल? परंतु त्याच झाडावर आणखी एक जीव आपले आयुष्य लांबवीत असतो. तो म्हणजे गुलाबी बोंडअळी.

ही अळी मुख्यत्वे कपाशीवरच जगते. तिने ग्रासलेली कळी नीट उमलत नाही. गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहते. तिला डोमकळी म्हणतात. पुढे अळी बोंडात शिरून आतील सरकी खाते. बोंड बाहेरून धड दिसते, म्हणून नुकसान लवकर लक्षात येत नाही आणि फवारणीचे औषधही आतपर्यंत पोहोचत नाही. बोंड फुटले की डागाळलेला, हलका कापूस हाती येतो. २०१७ च्या हंगामात ह्या अळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे फार मोठे नुकसान केले. कपाशी वेळेवर संपली तर अळीला खावयास काही उरत नाही आणि तिच्या पिढ्यांची साखळी तुटते. फरदड उभी असली तर तिच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढत जातात आणि जूनमध्ये लावलेल्या नव्या कपाशीवर तुटून पडतात. आज मिळालेल्या चार बोंडांची किंमत पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या शेतालाही मोजावी लागते.

म्हणूनच कृषितज्ज्ञ सांगतात, की डिसेंबरच्या अखेरीपर्यंत कपाशी संपवावी, पऱ्हाट्या उपटाव्या, त्यांचे ढीग बांधावर रचून ठेवू नयेत आणि पाच-सहा महिने रान कपाशीविना ठेवावे. हा उपाय एकट्याने करून भागत नाही. गावातील एक जरी शेत उभे राहिले तरी पतंगांना तेथे आश्रय मिळतो. अमेरिकेने अनेक वर्षे निरनिराळे उपाय एकत्र योजले. हंगाम संपताच पऱ्हाट्या नष्ट करणे हा त्यांपैकीच एक होता. आपल्या कापसाच्या प्रदेशातून ह्या अळीचे उच्चाटन झाल्याचे त्या देशाने २०१८ साली जाहीर केले. परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ह्या नावाने ओळखले जाते. मराठवाड्यातील पिके, त्यांचे रोग आणि त्यांवरील किडी ह्यांचा अभ्यास तेथे चालतो.

पाहा, ऊस आणि कपाशी ह्या दोन्ही बहुवर्षायू वनस्पती. एकीचे आयुष्य वाढविण्यात लाभ आहे, तर दुसरीचे वेळीच संपविण्यात. केवळ वर्ग पाठ केल्याने हे समजत नाही. झाड कसे जगते आणि त्याच्या आधाराने आणखी कोण जगते, हे दोन्ही पाहावे लागते.

मुलांनो, आता दोन गोष्टी स्वतः करून पाहा. दिवाळीनंतर एक चांगला कांदा कुंडीत लावा आणि त्यातून डेंगळा केव्हा येतो व कांद्याचे काय होते, ते वहीत टिपून ठेवा. दुसरे, झेंडूची सारख्याच वाढीची दोन रोपे निवडा. एकाची फुले सुकू लागताच, बी धरण्यापूर्वी, खुडत जा. दुसऱ्याची तशीच राहू द्या. कोणते रोप अधिक दिवस फुलते ते पाहा, आणि असे का होते ते वर्गात सांगा.

पुढे फेब्रुवारीत शेतात गेलात आणि कोठे हिरवी पऱ्हाटी उभी दिसली, तर घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांना बोंडअळीची ही हकीकत आदराने सांगा. त्यांची अडचणही शांतपणे ऐकून घ्या. शाळेत शिकलेले ज्ञान असे घराच्या ओट्यावर आणि शेताच्या बांधावर पोहोचले, म्हणजे ते खरे उपयोगी पडते.